संहिता कोण निवडतं, तिथून सुरुवात करा

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांचे नाट्यविभाग, हौशी नाट्यगट आणि त्यांच्या संहिता निवडणाऱ्या समित्या यांस,

स. न. वि. वि.

येत्या हंगामाचं नाटक ठरायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून घाईनं लिहिते आहे. एकदा संहिता ठरली आणि हॉलचे पैसे भरले की पुढचे काही महिने तालमी, नेपथ्य, तिकिटं आणि मध्यंतरातले बटाटेवडे एवढ्यावरच बोलणं होतं. मला ज्या गोष्टीबद्दल बोलायचं आहे ती त्याआधीच ठरून गेलेली असते.

मी न्यू जर्सीत राहते. मंडळाच्या नाटकांची प्रकाशयोजना करते आणि गावातल्या कम्युनिटी थिएटरमध्येही बरीच वर्षं त्याच कामाला जाते. दोन्हीकडची माणसं दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येतात, कुणालाही पैसे मिळत नाहीत, आणि दोन्हीकडे नाटकावर जीव टाकणारे लोक आहेत. म्हणूनच दोन्हीकडे एकच गोष्ट खटकते तेव्हा गप्प राहवत नाही.

25 मे 2020 ला मिनिॲपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा जीव गेला. पुढच्या काही आठवड्यांत शेकडो कृष्णवर्णीय, मूलनिवासी आणि इतर गौरेतर रंगकर्मींनी अमेरिकेतल्या गोऱ्या रंगभूमीच्या नावे एक जाहीर पत्र लिहिलं. तुमचं वागणं आम्ही इतकी वर्षं पाहत आलो आहोत, असा त्याचा सूर होता. मोठी थिएटरं हादरली. मग गावोगावच्या छोट्या संस्थांनीही आपापली निवेदनं काढली. आमच्या गावच्या थिएटरनं काढलेलं निवेदन अजूनही प्रत्येक प्रयोगाच्या माहितीपत्रिकेत छापलं जातं. वांशिक समतेची बांधिलकी, सर्वांचा समावेश, सर्वांचं स्वागत, असं त्यात आहे. ज्यांनी ते लिहिलं त्यांना मी ओळखते. त्यांची तळमळ खरी होती, आजही आहे.

त्यानंतर ऑडिशनच्या जाहिरातीत एक ओळ वाढली आणि दोन-चार नवे चेहरे आले. त्यातल्या एका कृष्णवर्णीय अभिनेत्रीला चांगली भूमिका मिळाली आणि तिनं ती चोख केली. पुढच्या हंगामात ती आली नाही. मी विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, इथल्या कुठल्याच नाटकात माझ्या आजीसारखी बाई कधी नसते. त्या हंगामात काय होतं ते मी आठवून पाहिलं. एक जुनी कौटुंबिक विनोदी कथा, एक खुनाचं रहस्य, एक संगीतिका. तिला जागा दिली होती ती दुसऱ्यांच्या गोष्टीत. गोष्ट कुणाची सांगायची हे ठरवणारी पाच माणसं निवेदनाच्या आधी जी होती तीच निवेदनानंतरही होती.

मला वाटतं, सगळी अडचण इथे आहे. समावेशाची चर्चा आपण भूमिकावाटपापाशी सुरू करतो. खरा निर्णय त्याच्या किती तरी आधी, कुणाच्या तरी दिवाणखान्यात चहा घेताना होऊन जातो.

अमेरिकेतल्या हौशी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. चेहऱ्याला काजळी फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे मिन्स्ट्रेल शो व्यावसायिक रंगमंचावरून मागे पडल्यानंतरही कित्येक दशकं टिकले, ते हौशी मंडळींमुळे. शाळा, चर्च, गावचे क्लब चांगल्या कामासाठी निधी गोळा करायला ते करत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सर्रास चालू होतं. करणारी माणसं दुष्ट नव्हती. शेजारी होती, शिक्षक होती, दुकानदार होती. विरंगुळा म्हणून केलेल्या नाटकानं कुणाचं काय बिघडतं, या समजुतीवर ते सगळं उभं होतं. आपल्याही बैठकांत हे वाक्य मी अनेकदा ऐकते.

आणि ज्यांची टिंगल होत होती ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. 1821 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम ब्राउन नावाच्या कृष्णवर्णीय माणसानं स्वतःची नाटक कंपनी काढली आणि शेक्सपिअरचा 'तिसरा रिचर्ड' रंगवला. गोऱ्या प्रेक्षकांनी धुडगूस घातला, पोलिसांनी नटांना पकडून नेलं, काही वर्षांत कंपनी बंद पडली. ब्राउननं स्वतः लिहिलेलं नाटक आज उपलब्ध नाही.

मग एक शतक उलटल्यावर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी 1926 मध्ये 'द क्रायसिस' या आपल्या मासिकात कृष्णवर्णीयांच्या रंगभूमीसाठी चार कसोट्या मांडल्या. नाटक आमच्याबद्दल असावं, आमच्यापैकी कुणी लिहिलेलं असावं, आमच्या प्रेक्षकांसाठी असावं, आणि आमच्या वस्तीच्या जवळ असावं. बस्स, एवढंच. क्रिग्वा प्लेयर्स हा त्यांचा हौशी गट हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, 135व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात नाटकं करत असे. नाट्यगृह नाही, पैसा नाही, पगारी नट नाहीत. आपल्यासारखाच गट होता तो. माझ्या मते समावेशाबद्दलचं शहाणं बोलणं अजूनही या चार कसोट्यांपुढे फारसं गेलेलं नाही. त्यांत भूमिकावाटपाचा शब्दही नाही हे लक्षात घ्या. लेखक, विषय, प्रेक्षक आणि जागा. चौथी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्याबद्दल पुढे लिहिते.

त्याच ग्रंथालयाच्या तळघरात 1940 मध्ये अमेरिकन निग्रो थिएटर सुरू झालं. सिडनी पॉइटिए तिथे ऑडिशन द्यायला गेला तेव्हा त्याला परत पाठवलं गेलं. बहामा बेटांवर वाढलेल्या त्या पोराचे उच्चार जड होते आणि वाचता जेमतेम येत होतं. त्यानं रेडिओवरचं बोलणं ऐकून ऐकून आपले उच्चार बदलले आणि झाडलोट करण्याच्या बदल्यात तिथे शिकायला मिळवलं. पुढे उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला. ही गोष्ट आपण जिद्दीची म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक दिसतं: स्वतः वगळल्या गेलेल्या लोकांच्या संस्थेनंही उच्चारांवरून एकाला दाराबाहेर ठेवलं होतं.

आता न्यू जर्सीच्या मंडळींसाठी खास. एडिसनहून गाडीनं थोडक्या मिनिटांवर न्यू ब्रन्सविकमध्ये क्रॉसरोड्स थिएटर कंपनी आहे. 1978 साली सुरू झालेली ही कृष्णवर्णीयांची संस्था. जून 1996 मध्ये नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी प्रिन्स्टनमध्ये रंगकर्मींपुढे जे गाजलेलं भाषण केलं, त्यात त्यांनी सांगितलं होतं की देशातल्या मोठ्या प्रादेशिक थिएटरांच्या संघटनेत 66 थिएटरं आहेत आणि त्यांतलं कृष्णवर्णीयांचं म्हणता येईल असं एकच आहे. ते एकच म्हणजे क्रॉसरोड्स. 1999 मध्ये त्याला प्रादेशिक थिएटरसाठीचा टोनी पुरस्कार मिळाला. गोऱ्यांच्या नाटकांत कृष्णवर्णीय नट बसवले की काम झालं, हे विल्सन यांना मान्य नव्हतं. आमच्या गोष्टी, आमचं घर आणि ते घर चालवायला लागणारा पैसा आमच्या हातात हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून मोठा वाद झाला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्याची जाहीर चर्चाही रंगली. हे सगळं आपल्या पटेल ब्रदर्सच्या रस्त्यावर घडत होतं. क्रॉसरोड्समध्ये एकदा तरी नाटक पाहिलेली मराठी कुटुंबं मी शोधते आहे. फार सापडत नाहीत. मुंबईहून व्यावसायिक नाटकाचा दौरा आला की आपण तासभर गाडी हाकून जातो, आणि गेलंच पाहिजे. पण शेजारच्या घरातली रंगभूमी आपल्याला दिसू नये, याचं मला वाईट वाटतं.

'आपला त्यांच्याशी काय संबंध?' असं कुणी उघड विचारत नाही, पण मनात असतं. संबंध आहे, आणि तो आपल्या कागदपत्रांत आहे. आपल्यापैकी बहुतेक जण, किंवा आपले आईवडील, 1965 च्या इमिग्रेशन कायद्यामुळे या देशात येऊ शकले. हा कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्या लाटेवर आला. 1964 मध्ये नागरी हक्क कायदा, 1965 च्या ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा, ऑक्टोबरमध्ये आपला. वंश आणि जन्मदेश पाहून माणसाला दारात अडवायचं नाही, हे तत्त्व कृष्णवर्णीयांनी लाठ्या आणि गोळ्या खाऊन या देशाच्या गळी उतरवलं, आणि आपण त्यावर व्हिसा घेऊन आलो.

त्याआधी आपल्या लोकांनी दुसरी वाट चोखाळून पाहिली होती. भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात असा युक्तिवाद झाला की हा माणूस उच्चजातीचा आर्य आहे, म्हणून गोरा धरला जावा आणि नागरिकत्व मिळावं. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ते फेटाळलं, आणि ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळालं होतं त्यांच्याकडूनही ते काढून घ्यायला सरकार निघालं. जातीच्या शिडीवरून गोरेपणापर्यंत चढायचा तो प्रयत्न होता. मला त्या माणसाची कीव करायची नाही. तो कायद्याच्या कचाट्यात सापडला होता आणि त्या काळात हाताला लागेल तो युक्तिवाद करणं भाग होतं. पण ती सवय आपल्यातून गेली का, हे आपल्या रंगमंचाकडे पाहून विचारायला हवं.

कारण दुसरी, फार सुंदर वाट आपल्याच भाषेत होती. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं. पुण्यात बसून, अमेरिका कधी न पाहता. हेच फुले नाटककारही होते, हे आपल्या किती नाट्यप्रेमींना माहीत आहे? विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं 1843 मध्ये. त्यानंतर बाराच वर्षांनी, 1855 मध्ये, फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात एक गरीब कुणबी जोडपं आहे, त्यांना ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी आहे, मधूनमधून खरं बोलणारा विदूषक आहे, आणि शेवटी ते नवराबायको शिकायला निघतात. त्यांनी ते पुस्तकांना सरकारी बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही आणि नाटक नाकारलं गेलं, असं स्वतः फुल्यांनी 'गुलामगिरी'त लिहून ठेवलं आहे. छापील रूपात ते लोकांपुढे यायला 1979 उजाडलं. मराठी रंगभूमी जेमतेम बारा वर्षांची असताना एका समितीनं घेतलेला तो निर्णय पहा. त्या दिवशी भूमिकावाटपाचा प्रश्नच आला नाही. संहिताच आत आली नाही.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1913 ते 1916 ते कोलंबिया विद्यापीठात शिकले, हार्लेमच्या शेजारी. 1946 मध्ये त्यांनी वर ज्यांचं नाव आलं त्याच डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती आणि भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास करणं मला आवश्यकच वाटतं, असा त्याचा आशय होता. डु बॉइस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं. हार्लेमच्या तळघरात नाटकं बसवणारा माणूस आणि महाडच्या तळ्यावर गेलेला माणूस एकमेकांना ओळखत होते. त्या ओळखीचे वारस आपण आहोत, निदान होऊ शकतो.

वंश आणि जात एकच आहेत असं मी म्हणत नाही. दोन्हींचा इतिहास वेगळा, दोन्हींची शस्त्रं वेगळी. पण अमेरिकेत मराठी नाटक करणाऱ्यांना यातल्या एकाबद्दल बोलून दुसऱ्याबद्दल गप्प बसता येणार नाही. 2023 च्या फेब्रुवारीत सिॲटल शहरानं जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप गटांवर जे लिहिलं गेलं ते मी वाचलं आहे. आपल्याकडे जात नाहीच, हा आपली बदनामी करण्याचा डाव आहे, असं सांगणाऱ्यांत नाटकातली जवळची मंडळी होती. त्याच गटात असलेले, आडनाव सांगताना अजूनही क्षणभर थांबणारे दोन मित्र त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. पुढच्या नाटकाच्या तालमीला ते आले नाहीत आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

आता आपल्या रंगमंचावर काय दिसतं ते सांगते. दिवे मी लावते, त्यामुळे सगळं वरून दिसतं.

घरगड्याची, हवालदाराची, कामवाल्या बाईची भूमिका करणाऱ्याचा चेहरा रंगपटात दोन छटा काळा केला जातो. नायिकेचा दोन छटा उजळ. हे कुणी ठरवत नाही, आपोआप होतं. घरगडी मालवणी किंवा वऱ्हाडी बोलतो आणि त्याच्या बोलण्यावरच हशा घेतला जातो. तीच वऱ्हाडी घरी बोलणारी मुलगी ऑडिशनला आली, तर 'उच्चार जरा शुद्ध करावे लागतील' असं तिला सांगितलं जातं. आणि आपल्या स्नेहसंमेलनातल्या प्रहसनांत अमेरिकेतला कृष्णवर्णीय माणूस आला, तर तो चोर असतो, नाही तर लेकीनं घरी आणलेला मित्र, ज्याला पाहून आई चक्कर येऊन पडते. प्रेक्षागृह हसतं. त्या प्रेक्षागृहात आता आपलेच काही नातू आणि भाच्या बसलेल्या असतात ज्यांचे वडील कृष्णवर्णीय आहेत. ती मुलं मराठी शाळेत श्लोक पाठ करतात आणि दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्या बापाची टिंगल पाहतात. मी एका मुलाचा चेहरा त्या वेळी पाहिला आहे. मला त्याचं वर्णन इथे करायचं नाही. पण त्यानंतर असं प्रहसन असेल तर दिवे मी करणार नाही, हे मी आमच्या समितीला सांगितलं आहे.

प्रकाशाबद्दल दोन शब्द, कारण ते माझं काम आहे. गडद त्वचा प्रकाश कमी परावर्तित करते. सगळ्यात उजळ चेहऱ्याला बरा दिसेल इतकाच प्रकाश ठेवला, तर सावळ्या नटाचे डोळे आणि ओठ अंधारात जातात आणि त्याचा अभिनय मागच्या रांगांपर्यंत पोचत नाही. मग आपण म्हणतो, त्याचं काम जरा फिकं झालं. बाजूनं आणि मागून प्रकाश द्यावा लागतो, रंगीत कागद विचारपूर्वक निवडावे लागतात, मागचा पडदा त्वचेशी मिसळणार नाही असा घ्यावा लागतो. काही तासांचं काम आहे. गावच्या थिएटरमध्ये आणि आपल्याकडेही हे शिकलेले लोक फार कमी आहेत, कारण शिकायची गरज भासेल असे चेहरे मध्यभागी कधी उभेच नसतात. कुणी मध्यभागी उभं राहायचं हे पुन्हा संहिताच सांगते.

तेव्हा संहितेकडे येते. आपली निवड समिती म्हणजे बहुधा तीन-चार कुटुंबं. त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत मी मानते, त्यांच्याशिवाय परदेशात मराठी नाटक उभंच राहिलं नसतं. पण त्यांच्या कपाटात तीच पुस्तकं आहेत जी त्यांच्या आईवडिलांच्या कपाटात होती. त्या कपाटात प्रेमानंद गज्वी यांचं 'घोटभर पाणी' नसतं. दोन नटांत होणारी ती एकांकिका आहे, नेपथ्य जवळजवळ लागत नाही. चार शनिवार-रविवार तालमी करणाऱ्या गटाला याहून सोयीची संहिता मला सुचत नाही. दत्ता भगत यांचं 'वाटा पळवाटा' नसतं, ज्यात दलित चळवळीतल्या वेगवेगळ्या पिढ्या एकमेकांशी भांडतात. त्यातली माणसं आपल्या सहानुभूतीची वाट पाहत बसलेली नाहीत. ती आपापसात वाद घालतात आणि बुद्धीनं आपल्याला मागे टाकतात. राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' 2012 मध्ये रंगमंचावर आलं, जालन्याकडच्या शेतीमातीतल्या नटांनी ते केलं आणि मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी नाट्यगृहं भरली. अशा नाटकांना आपल्याकडे प्रेक्षक येणार नाही, हे आपण करून पाहून ठरवलेलं नाही.

प्रेक्षकांची अडचण मी हलकी मानत नाही. हॉलचं भाडं, विमा, ध्वनिव्यवस्था, सगळं तिकिटांतून काढायचं असतं आणि विनोदी नाटक लावलं की निश्चिंती असते. दोन वर्षं तोटा झाला तर गट बंद पडतो, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. म्हणून मी विनोदी नाटक बंद करा म्हणत नाही. वर्षाला दोन नाटकं होत असतील तर त्यातलं एक दुसऱ्या कपाटातून येऊ दे. एकच होत असेल तर सोबत एक एकांकिका. आणि नाटककाराची रीतसर परवानगी घेऊन मानधन पाठवा. तो लेखक आपल्या ओळखीतला नसला की हा भाग विसरला जातो.

निवड समितीत या हंगामापासून दोन नवी माणसं घ्या, पण त्यांना नुसतं मत सांगायला बोलवू नका, मतदान करायला बोलवा. एक जण असा असावा की ज्याचं आडनाव आजवर आपल्या माहितीपत्रिकेत कधी छापून आलेलं नाही. दुसरं इथे जन्मलेल्या पिढीतलं असावं. ही मुलं शाळेच्या संगीतिकांतून कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मित्रांबरोबर वाढली आहेत आणि आपल्याला जे दिसत नाही ते त्यांना पहिल्या वाचनात दिसतं. त्यांचं मराठी अडखळतं, म्हणून आपण त्यांना खुर्च्या मांडायला ठेवतो.

आता डु बॉइस यांची चौथी कसोटी. आपल्या तालमी कुणाच्या तरी मोठ्या घराच्या तळघरात होतात, जिथे गाडीशिवाय जाता येत नाही. एका गाडीत भागवणारं कुटुंब, नुकतीच आलेली विद्यार्थिनी, लहान मूल असलेली एकटी आई, यांना आपण बाहेर ठेवतो आणि आपल्याला ते कळतही नाही. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात सभाखोल्या असतात, पुष्कळ ठिकाणी फुकट मिळतात, बसचा थांबा जवळ असतो. निदान आठवड्यातली एक तालीम तिथे घ्या. मुलांना सांभाळायला आळीपाळीनं एक स्वयंसेवक ठेवा. तालमीला येणाऱ्यांत फरक पडेल, आणि येणाऱ्यांत फरक पडला की पुढच्या वर्षीच्या समितीत पडेल.

प्रयोगाला इंग्रजी उपशीर्षकं लावा. प्रोजेक्टर प्रत्येक मंडळाकडे आहे. आपले अमराठी जावई, सुना, शेजारी, गावच्या थिएटरमधले सहकारी तीन तास नाटकाला येऊन बसतील, याचा मला अनुभव आहे. आणि आपणही त्यांच्याकडे जाऊ या. क्रॉसरोड्स न्यू जर्सीत आहे, क्लीव्हलँडमध्ये 1915 पासून चालत आलेलं कारामू हाउस आहे. आपलं मंडळ जिथे असेल तिथे अशी एखादी संस्था नक्की सापडेल. तिकीट काढून जा, प्रयोगानंतर थांबून बोला. पहिल्याच भेटीत संयुक्त कार्यक्रमाची घाई करू नका. त्यांना आपल्या कार्यक्रमात रंगत आणणारे पाहुणे म्हणून बोलावण्याआधी दोन वर्षं त्यांचे प्रेक्षक व्हा.

तुमच्यापैकी काही जण आता गावोगावच्या कम्युनिटी थिएटरांच्या संचालक मंडळांवर आहात. निधी उभारायला, हिशेब तपासायला आपल्याला आवडीनं बोलावतात. तिथे समतेचं निवेदन लिहायची वेळ आली की आपल्याला पुढे करतात, कारण आपण गौरेतर आहोत आणि आपल्याशी बोलायला त्यांना अवघड जात नाही. कृपा करून त्या खुर्चीत बसून कृष्णवर्णीयांच्या वतीनं मान डोलावू नका. संहिता निवडणारी समिती कोणती आणि तिच्यात कोण आहे, एवढं विचारा. इतिवृत्तात नोंद करायला लावा. आणि तिथे हा प्रश्न विचारण्याचं धैर्य झालं, तर त्याच आठवड्यात तो आपल्या मंडळातही विचारा.

चेहरे काळे करणं आणि कातडीवरून हशा घेणं मात्र याच दिवाळीपासून थांबलं पाहिजे. त्यासाठी समिती, ठराव, निधी काही लागत नाही. दिग्दर्शकानं रंगपटात जाऊन सांगायचं, एवढंच.

आमच्या मंडळाची संहिता निवडीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ती सर्व सभासदांना खुली ठेवावी, असं मी समितीला लिहून कळवलं आहे. वर उल्लेख केलेल्या संहिता मिळवून देण्याची, उपशीर्षकं तयार करण्याची आणि सावळ्या चेहऱ्यांसाठी प्रकाशयोजना कशी करायची हे कुठल्याही मंडळाच्या मुलांना येऊन शिकवण्याची जबाबदारी मी घेते. प्रवासखर्च नको, दिव्यांच्या खोलीची किल्ली वेळेवर मिळाली की पुरे. तुमच्याकडची बैठक कधी आहे ते कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतली एक रंगकर्मी